इस्लामी कला : नाव कोणाचे, हात कोणाचे?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शहाजहानचा मद्याचा पेला आहे, 1657 सालचा, पांढऱ्या जेडचा. इस्लामला मद्य निषिद्ध. तरी कलेतिहासाच्या ग्रंथांत हा पेला 'इस्लामी कला' या सदराखाली येतो. फ्रान्सच्या राजांच्या ताटवाट्यांना मात्र कोणी 'ख्रिस्ती कला' म्हणत नाही. तिकडे चर्चमधली वस्तू तेवढी ख्रिस्ती. मग इकडे सुरईपासून गालिच्यापर्यंत सगळ्यालाच धर्माचे नाव का?

हे नाव वस्तू घडवणाऱ्यांनी दिलेले नाही. एकोणिसाव्या शतकापासून युरोपातील विद्वान, व्यापारी आणि संग्राहक यांनी ते रूढ केले. 1910 साली म्युनिकला 'मुहम्मदी कले'चे प्रचंड प्रदर्शन भरले. निरनिराळ्या देशांतील आणि शतकांतील साडेतीन हजारांवर वस्तू तेथे एका नावाखाली मांडल्या गेल्या. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चौदाव्या शतकातील मामलुक कारागिरीचे पितळी पात्र आहे. त्यावर सोन्याचांदीच्या जडावात शिकारी आणि दरबारी माणसे आहेत. मुहम्मद इब्न अल-झैन या कारागिराने त्यावर सहा ठिकाणी आपले नाव कोरले. पुढे फ्रेंच राजघराण्यातील मुलांचा बाप्तिस्मा याच पात्रात झाला. आता हे पात्र इस्लामी की ख्रिस्ती? ज्याने सहा वेळा आपले नाव सांगितले, त्याच्याविषयी मात्र आपण विचारत नाही.

अभ्यासकांना ही अडचण जाणवली नाही असे नाही. ओलेग ग्राबार यांनी 1973 च्या आपल्या ग्रंथात 'इस्लामी' हे विशेषण धर्मापेक्षा संस्कृतीचे मानावे असे सुचवले. मार्शल हॉजसन यांच्या 1974 च्या ग्रंथात त्यासाठी 'इस्लामिकेट' असा वेगळा शब्दच आला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2011 साली या कलेची दालने नव्याने उघडताना त्यांना अरब भूमी, तुर्कस्तान, इराण, मध्य आशिया आणि उत्तरकालीन दक्षिण आशिया अशी देशांची नावे दिली. ही पावले पुढची आहेत. पण माझ्या मते ती पुरेशी नाहीत. धर्माच्या जागी संस्कृती आली, संस्कृतीच्या जागी देश आला. राबणारा हात बाहेरच राहिला.

अकबराच्या चित्रशाळेतील दसवंत पाहा. तो कहाराचा, म्हणजे पालखी वाहणाऱ्याचा मुलगा. भिंतींवर चित्रे काढत असे, बादशहाची नजर पडली आणि तो चित्रशाळेत आला, असे अबुल फजल लिहितो. महाभारताच्या फारसी भाषांतराच्या, 'रज्मनामा'च्या, अनेक चित्रांचे आराखडे त्याचे आहेत. रंग इतरांनी भरले. 1584 साली त्याने आत्महत्या केली. ग्रंथ हिंदूंचा, भाषा फारसी, आश्रयदाता मुसलमान, चित्रकार कहाराचा पोर. या कलेला कोणत्या धर्माच्या फडताळात ठेवणार?

याचा अर्थ धर्म पुसून टाकावा असा नव्हे. जेरुसलेमच्या 'डोम ऑफ द रॉक'वर (691-92) कुराणाची वचने आहेत. येशू हा ईश्वराचा पुत्र नाही, असे ती शेजारच्या ख्रिस्ती जगाला बजावतात. श्रद्धेशिवाय ती वास्तू कळणारच नाही. पण जिथे श्रद्धा बोलते तिथे ती ऐकावी. पेल्यावर आणि पात्रावर ती लादू नये. लादली की वस्तू परकी ठरते, आणि ती घडवणारा इथला माणूसही परका ठरवता येतो. आपल्या देशात आज ते चालू आहे.

'दलित साहित्य' हे नाव आपण स्वतः घेतले. जन्म महत्त्वाचा की जाणीव, हा वाद आपण अजून घालतो. पण तो घालण्याचा हक्क आपला आहे. दसवंताला तो कधीच मिळाला नाही. म्हणून संग्रहालयातल्या पाटीवर राजाच्या नावाआधी कारागिराचे नाव यावे, त्याचा धंदा यावा. नाव ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. ती रिकामी जागा भरायला राजाचा धर्म वापरू नये.