देवपणाचा चार्ज

बँकेत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला चार्ज देण्याघेण्याचं नवल वाटू नये. किल्ल्या मोजायच्या, शिक्के मोजायचे, यादी करायची, दोघांनी सह्या ठोकायच्या आणि जाणाऱ्यानं हुश्श करून चहा मागवायचा. पण परवा आमच्या कन्येच्या उशाखाली सापडलेल्या जपानी चित्रकथेत मी जो चार्ज पाहिला, त्यानं माझी झोप उडाली. एक सभ्य गृहस्थ कुत्र्याला भिऊन बागेतल्या झाडाला चिकटलेले. नानामी नावाची शाळकरी मुलगी कुत्रं हाकलते. गृहस्थ खाली उतरतात, तिची हकिगत ऐकतात, तिच्या कपाळावर ओठ टेकतात, आपल्या घराचा पत्ता देतात आणि चालू लागतात. झालं! मुलगी ग्रामदेवता झाली. ना यादी, ना सही. आणि ते घर म्हणजे एक पडकं देऊळ, ज्याचे मूळ दैवत हे गृहस्थच. तेही वीस वर्षांपूर्वी घर सोडून निघालेले.

चित्रकथेचं नाव ‘कामिसामा किस’. ज्युलिएटा सुझुकी या बाईंनी ‘हाना तो युमे’ या मुलींच्या मासिकात ती २००८ ते २०१६ अशी आठ वर्षं चालवली आणि तिचे पंचवीस खंड झाले. मूळ जपानी नावाचा अर्थ साधारण ‘देवपण सुरू केलं आहे’ असा. आपल्याकडे हॉटेलाबाहेर ‘मिसळ सुरू झाली आहे’ अशी पाटी लावतात ना, त्याच चालीवर. या एका नावावरच मी बाईंना अर्धे मार्क देऊन टाकले. चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचायची असते, हे मला कन्येनं सांगेपर्यंत मी शेवट आधी वाचून बसलो होतो. ते एक असो.

आता देवळात राहतो तोमोए. हा कोल्हा. (काटेकोर बोलायचं तर खोकड, पण नायिकेनं खोकडावर जीव टाकला असं लिहायला लेखणी धजत नाही.) जपानात कोल्हा हा इनारी या देवाचा दूत, रूप पालटण्यात पटाईत. कोल्हीण बाई होऊन संसार करते, अशा कथा तिकडे हजारेक वर्षांपासून आहेत. आबे नो सेइमेई नावाचा दहाव्या शतकातला नामांकित ज्योतिषी कुझुनोहा या कोल्हिणीचा मुलगा, असं लोककथा सांगते. आपला कोल्हा काकडीला राजी, त्यांचा तळलेल्या टोफूला, एवढाच काय तो फरक. सुझुकीबाईंनी केलं काय, तर जोडी उलटी केली. जुन्या कथेत बहुतेक वेळा बाई कोल्हीण आणि पुरुष माणूस. गुपित फुटलं की ती पोराबाळांना टाकून रानात जाते. इथं पुरुष कोल्हा आणि जाणारी कुणीच नाही. उलट नानामी म्हणजे बापानं टाकलेली पोर. तिला जायला जागाच नाही.

खरी गोम करारात आहे. देवाचा सेवक व्हायचं तर चुंबनानं करार होतो. तोमोएला हे मुळीच मान्य नाही. कालची पोर आणि म्हणे देव! पण भुताखेतांच्या मुलखात नानामीच्या जिवावर बेततं आणि ती त्याला गाठून करार उरकून टाकते. त्या क्षणापासून तिनं शब्द उच्चारला की त्याला पाळावाच लागतो. वाणिज्य शाखेचा पदवीधर इथं थबकतो. १८७२ सालच्या आपल्या करार कायद्याचं चौदावं कलम आम्ही घोकून घोकून पाठ केलं होतं. संमती हवी, आणि ती राजीखुशीची हवी. या हिशेबानं तोमोएचा करार पहिल्या खंडातच रद्द करून घेता येतो. मग पुढचे चोवीस खंड कशाच्या जोरावर?

सुरुवातीला मला वाटलं, बाईंनी सोयीस्कर डोळेझाक केली. मालकीण-नोकराचं लडिवाळ भांडण, मोठाले डोळे, सुंदर किमोनो, चाललंय! पण तसं नाही. नानामी त्याला ‘थांब’ म्हणते, ‘सोड’ म्हणते, ‘वाचव’ म्हणते. ‘माझ्यावर प्रेम कर’ हा हुकूम मात्र ती सोडत नाही. एक शब्द टाकायचा अवकाश होता. त्याऐवजी ती चारचौघींसारखं मनातलं सांगते, नकार घेते आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरात त्याच्याच हातचं जेवते. हाताशी शिक्का असून तो न मारणं किती अवघड असतं, ते आम्हाला विचारा.

मधले खंड मात्र लांबलेत. कुरामा डोंगरावरचा कावळ्याच्या जातीचा तेंगू शहरात येऊन गाणारा हीरो होतो, ही कल्पना झकास. पण पाचशे वर्षांपूर्वीच्या भूतकाळात नायिकेला पाठवून जो गुंता केलाय, तो सोडवताना मला कागदपेन्सिल घ्यावी लागली. दहाव्या महिन्यात जपानातले सगळे देव इझुमोला जमतात आणि लग्नं ठरवतात, अशी तिकडची समजूत. म्हणून बाकी देशात तो ‘बिनदेवांचा महिना’. या अधिवेशनाला नवखी नानामीही जाते. आमच्या झोनल ऑफिसच्या मीटिंगची आठवण झाली, फक्त तिथं काहीतरी ठरतं.

पण सगळ्यात मनात राहिला तो मिझुकी. हा पांढरा साप, योनोमोरी देवीचा सेवक. देऊळ धरणाखाली गेलेलं, भक्त पांगलेले, कुणी हात जोडेना म्हणून देवीही विरून गेलेली. आणि हा तळाशी एकटा जागा झाडतोय. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरल्यावर वर आलेलं पळसदेवचं देऊळ मी एकदा पाहिलंय. तेव्हा मी फोटो काढला आणि उसाचा रस प्यायलो. आतला कुणी मागं राहिला असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तक्रार आहे ती बापाबद्दल. जुगाराचं कर्ज करून तो पळतो, पोरीला घराबाहेर काढतात, आणि बाई हे दोन-चार पानांत, हसत हसत आटोपतात. काउंटरच्या अलीकडे बसलेल्याला ते हसू येत नाही. वडिलांचं पासबुक घेऊन ‘काका, यात काही आहे का हो?’ विचारणाऱ्या पोरी मी पाहिल्यात. त्यांना बागेत देव भेटत नाही. माझ्यासारखा कारकून भेटतो, तोही जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर. देवळापेक्षा त्या पळालेल्या बापाचा एक खंड मी आवडीनं वाचला असता.

हे मी कन्येला बोलून दाखवलं. ती म्हणाली, “बाबा, आपल्या घराचं किती कर्ज राहिलंय?”

मी आकडा सांगितला. हप्ते किती, तेही सांगितलं. तिनं थोडा वेळ हिशेब केला आणि म्हणाली, “म्हणजे तुम्ही रिटायर व्हायच्या आत फिटेल.”

“फिटेल की.”

“मग द्या इकडे तो खंड. तुम्ही पान दुमडलंयत.”

दुमडलं होतं खरं. मिझुकीच्या पानाला.