'मंजुघोषा' : अद्भुतरम्यतेची मर्यादा

मराठी कादंबरीच्या प्रारंभकाळात अद्भुतरम्य प्रवाह विशेष लोकप्रिय होता. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (1868) ही या प्रवाहातील महत्त्वाची कृती होय. प्रेम, विरह, विमानप्रवास व मीलन असे तिचे स्थूल स्वरूप आहे. तथापि आज ती वाचताना अपेक्षाभंग होतो. तो चमत्कारांमुळे नव्हे. चमत्कार हा आपल्या लोककथांचाही प्राण आहे. अपेक्षाभंगाचे मूळ तिच्या प्रस्तावनेत आहे. आपल्या विवाहविषयक रीतींमुळे हिंदूंच्या नित्य जीवनात मनोरंजक असे काही आढळत नाही, म्हणून लेखकास अद्भुताकडे वळणे भाग पडते, अशा आशयाचे समर्थन रिसबूड करतात.

हे समर्थन ग्राह्य मानता येत नाही. बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन'मध्ये (1857) अकरा वर्षे आधीच विधवांच्या दुःखाला कादंबरीचा विषय केले होते. त्यामागे धर्मप्रचाराचा हेतू होता, हे मान्य करूनही त्याचे मोल उरते. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?'मध्ये त्याच विवाहपद्धतीतून यमूची शोकांतिका साकारली.

हा प्रश्न केवळ वाङ्मयेतिहासाचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 (2019-21) नुसार परभणी जिल्ह्यातील 20 ते 24 वयोगटातील सुमारे 48 टक्के स्त्रियांचे विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाले होते. अशा जिल्ह्यातील वर्गात 'मंजुघोषा' शिकविताना तिचे ऐतिहासिक महत्त्व सांगावेच. परंतु तिने काय पाहण्याचे नाकारले, हेही सांगणे आवश्यक ठरते.