चित्र आधी की गाडी आधी? प्राथमिक शाळेतलं डिझाइन आणि आपला डेटा

माझ्या पायलट स्टडीतल्या एका वर्कशीटपासून सुरुवात करतो. चौथीच्या मुलांना काम दिलं होतं: पुठ्ठा, बाटल्यांची झाकणं, बांबूच्या काड्या आणि स्ट्रॉ वापरून ढकलल्यावर सरळ जाणारी गाडी बनवा. त्याआधी चार चौकोनांचा एक कागद भरायचा. माझी कल्पना, लागणारं साहित्य, कृती, आणि शेवटी 'आता काय बदलशील?'. कागद गोळा केले, घरी आणले, एक्सेलमध्ये कोडिंग सुरू केलं. एका मुलीचं चित्र फारच आवडलं. मागच्या चाकाजवळ तिने चिकटपट्टीचे दोन वेढे काढले होते. मी शेजारी टीप लिहिली, 'जोड कमकुवत राहील याचा आधीच विचार केलेला दिसतो.' खूश होऊन गाइडना दाखवलं. मॅडमनी एवढंच विचारलं, "हे चित्र तिने कधी काढलं?"

मला सांगता येईना. मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ होता, तो काढून बघितला. मुलीने गाडी आधी केली. मागची काडी दोनदा निसटली, तिने चिकटपट्टी गुंडाळली, गाडी चालायला लागली. मग वर्गाच्या बाई तिच्या बाकाजवळ येऊन म्हणाल्या, "अगं, पहिला चौकोन रिकामा कसा?" आणि तिने समोरच्या गाडीकडे बघत बघत 'माझी कल्पना' काढली. मी ज्याला पूर्वविचार म्हणत होतो ती झालेली दुरुस्ती होती. बाकीच्या बहुतेक कागदांचंही आधी-नंतर मला ठरवता येईना, कारण कॅमेरा एकाच कोपऱ्यात होता. तो सगळा डेटा बाजूला ठेवला. चार महिन्यांचं काम होतं.

हे घडल्यावर मी या विषयातले जुने पेपर पुन्हा वाचले, या वेळी जरा संशयाने. त्यातल्या दोघांबद्दल आज लिहायचं आहे, कारण सिनॉप्सिस लिहिताना तुमच्यापैकी जे प्राथमिक शिक्षणात काम करणार आहेत त्यांना हे दोघे भेटणारच.

आधी थोडी पार्श्वभूमी. शाळेत 'डिझाइन अँड टेक्नॉलॉजी' हा सक्तीचा विषय पाच वर्षांच्या मुलांपासून सुरू करण्याचा मोठा प्रयोग इंग्लंड आणि वेल्समध्ये झाला, १९९० साली, राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. त्यात चार उद्दिष्टं होती: गरज किंवा संधी ओळखणं, डिझाइन तयार करणं, नियोजन करून वस्तू बनवणं, आणि मूल्यमापन. १९९५ च्या फेररचनेत चारांची दोन झाली, डिझाइन करणं आणि बनवणं. सध्याचा इंग्लंडचा अभ्यासक्रम सप्टेंबर २०१४ पासून लागू आहे. त्यात डिझाइन, बनवणं, मूल्यमापन आणि तांत्रिक ज्ञान अशी चार शीर्षकं आहेत, शिवाय स्वयंपाक आणि पोषण. माझा चार चौकोनांचा कागद मी याच धर्तीवर बनवला होता.

आता यात शिक्षकांची अडचणही समजून घ्या. तिथल्या प्राथमिक शाळेतही एकच वर्गशिक्षक गणित, भाषा, विज्ञान, सगळं शिकवतो. त्याला करवत हातात धरून नवा विषय शिकवायला सांगितलं, तर टप्प्यांचा कागद हा मोठा आधार वाटतो. तपासायलाही सोपा. गाडी वर्गातल्या कपाटात मावत नाही, कागद फाइलला लागतो.

गंमत म्हणजे, हे टप्पे इतके सरळ नसतात हे त्या काळातच लिहून झालं होतं. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधल्या रिचर्ड किंबेल यांच्या गटाने पंधरा वर्षांच्या मुलांच्या डिझाइनक्षमतेवर मोठं मूल्यांकन केलं, त्याचा अहवाल १९९१ मध्ये आला. त्यांच्या मांडणीत डोकं आणि हात यांच्यातली ये-जा मध्यवर्ती आहे. डोक्यातली धूसर कल्पना हाताने बाहेर काढायची, ती दिसली की डोक्यातली कल्पना बदलते, की पुन्हा हात.

आता पहिले अभ्यासक, रॉब जॉन्सी. त्यांचा १९९५ चा लेख. शीर्षकातच प्रश्न आहे, डिझाइनची प्रक्रिया अस्तित्वात आहे का? त्यांनी इंग्लंड-वेल्समध्ये छापून आलेली प्रक्रियेची मॉडेल्स एकमेकांशेजारी ठेवून तपासली. लेख वाचावा तो यासाठी की यात ते कुणाची टिंगल करत नाहीत. एकेका मॉडेलमध्ये कोणती कौशल्यं आहेत, कोणती गाळली आहेत, क्रम कुणी कसा लावलाय, हे शांतपणे मांडतात. त्याच वर्षी त्यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या निरीक्षणावरचं लिखाणही प्रसिद्ध केलं. त्यात दिसतं की मुलं बनवतात, बघतात, पुन्हा बनवतात. बनवणं हा शेवटचा टप्पा नसून सुरुवातीपासूनच ते चालू असतं. माझ्या व्हिडिओतली मुलगी नेमकी हेच करत होती. लिट्रेचर रिव्ह्यूमध्ये मी जॉन्सींना एका वाक्यात उरकलं होतं. ते वाक्य नीट वाचलं असतं तर कॅमेरे दोन लावले असते!

दुसरे माल्कम वेल्श, कॅनडातले, १९९९ चा पेपर. सातवीतल्या मुलांच्या जोड्या, काम कागदाचा जास्तीत जास्त उंच मनोरा बांधायचं, आणि या मुलांना डिझाइन शिकवलेलं नव्हतं. वेल्श यांनी जोड्यांचं बोलणं आणि कृती यांचं बारकाईने कोडिंग केलं. निष्कर्ष असा की पाठ्यपुस्तकात सांगतात तशा अनेक कल्पना काढून त्यातली एक निवडणं वगैरे मुलं करत नाहीत. एक कल्पना घेतात, तीच रेटतात, फसली की दुसरी. स्केच जवळजवळ टाळतात आणि थेट सामानाला हात घालतात.

पद्धत म्हणून हा पेपर उत्तम आहे. तक्रार आहे ती आपण तो वापरतो त्याबद्दल. 'लहान मुलं डिझाइन करताना चित्र काढत नाहीत' या वाक्यापुढे कंसात वेल्श १९९९ असं मी स्वतः लिहिलं होतं. एक तर सातवीतली मुलं प्राथमिकची नव्हेत. दुसरं, न शिकवता मूल काय करतं हे कळलं म्हणून शिकवल्यावर काय करेल ते कळत नाही. पण हे दोन्ही आक्षेप कुणीही घेईल. मला खटकतं ते सामान.

कागद. कागदाचा मनोरा चुकला तर काय जातं? घडी उलगडायची, पुन्हा घालायची. कागद वाकवून बघणं हे चित्र काढण्याइतकंच स्वस्त आहे, आणि चित्रापेक्षा जास्त खरं, कारण मनोरा पडतो आणि चित्र पडत नाही. अशा वेळी जो चित्र काढत बसेल त्यालाच मी कमी हुशार म्हणेन. म्हणजे वेल्श यांच्या मुलांनी जे केलं ते शिस्त नसल्यामुळेच केलं असं म्हणता येत नाही. सामानाने त्यांना तसं करायची मुभा दिली होती.

याच्या उलट उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये १९९८ साली प्राथमिक शाळांसाठी या विषयाची घटकवार योजना आली. तिच्यात दुसरीच्या वयाला वाहनं आहेत, आणि सहावीच्या वयाला घरात घालायच्या सपाता. कापडाची सपाता कागदी साचा न काढता कापून बघा. शिवणीसाठी जागा सोडायची राहिली की पाय आत जात नाही आणि कापड वाया जातं. इथे कागदावर आधी काम करायला कुणी सांगावं लागत नाही, एकदा चुकलं की मूल स्वतःच कागद मागतं.

आपल्याकडे यासाठी शब्दच आहे, कापड बेतणे. शिंप्याचं बेतणं बघितलंय ना? तो वहीत चित्र काढत नाही. कापड पसरतो, त्याच्यावरच खडूने खुणा करतो, कळी कुठून निघेल, उरलेल्यात खिसा बसतो का, ते बघतो. 'बेत' म्हणजे योजना, आणि इथे ती सामानावरच होते. आमच्या विषयातल्या इंग्रजी पेपरांत डिझाइन म्हटलं की रेखाटन गृहीत धरलेलं असतं, आणि ते दिसलं नाही की मूल नियोजन करत नाही असा शेरा पडतो. त्या मुलीने काडी स्ट्रॉमधून घालायच्या आधी दोनदा बाजूला धरून लांबी पाहिली होती. व्हिडिओत दिसतं. माझ्या कोडबुकात त्याला जागाच नव्हती.

गाडीच्या चित्राबद्दल अजून एक. मुलं गाडी बाजूने काढतात, आपणही तशीच काढतो. बाजूच्या चित्रात चाक म्हणजे एक गोल. पण गाडी बनवताना सगळा घोळ होतो तो आसापाशी. चाक आसावर घट्ट हवं, आस स्ट्रॉमध्ये सैल हवा. मूल प्रेमाने सगळीकडे डिंक लावतं आणि गाडी जागची हलत नाही. हा प्रश्न बाजूच्या चित्रात उभाच राहत नाही, कारण आस तिथे दिसत नाही. म्हणजे चित्र आधी काढलं असतं तरी त्याने मदत केली असतीच असं नाही. वरून किंवा खालून बघितलेलं चित्र काढायला आधी शिकवावं लागतं. गिल होप यांनी प्राथमिक मुलांच्या चित्रांवर लिहिताना चित्र हे भांडं आणि चित्र हा प्रवास असा भेद केलाय. बहुतेक लहान मुलांना चित्र म्हणजे तयार गोष्ट ठेवायचं भांडं वाटतं. माझा पहिला चौकोन तसं भांडंच होता.

मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात याच विषयावर काम झालंय. रितेश खुण्याकारी, स्वाती मेहरोत्रा, सुगरा चुनावाला आणि चित्रा नटराजन यांनी पिशवी, पवनचक्कीचं मॉडेल आणि बाहुल्या असे घटक माध्यमिकच्या आधीच्या वर्गांसाठी बनवले, मराठी माध्यमाच्या मुलांबरोबरही वापरले. 'असं इकडे काही झालेलंच नाही' हे वाक्य रिसर्च गॅपमध्ये लिहायच्या आधी ते वाचा. त्यांच्याकडे मुलं गटात बोलून, चित्रं काढून मग बनवतात, आणि चित्रांकडे तपशिलात पाहिलंय. माझा प्रश्न त्याच्या खालच्या वयाचा आहे, आठ-नऊ वर्षांचा, जिथे पवनचक्की अजून झेपत नाही.

सध्या मी दोन गोष्टी बदलल्यात. एकाच वर्गाला एक काम स्वस्त सामानाचं देतो आणि एक महाग सामानाचं, म्हणजे मोजूनमापून मिळणाऱ्या कापडाचं. दुसरं म्हणजे पेन. सामान हातात येण्याआधी निळं पेन, सामान आल्यावर निळं काढून घेऊन लाल द्यायचं. आधी-नंतरचा वाद निदान रंगावर तरी मिटतो. चौकोन काढून टाकलेत, कोरा कागद देतो.

परवा एका मुलाला लाल पेन दिलं. त्याने नवं काहीच काढलं नाही. आपल्याच निळ्या चाकावर एक फुली मारली, कागद उलटा ठेवला आणि कामाला लागला. ती फुली कोणत्या कोडमध्ये टाकायची यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.