व्हेरोनाचे ग्रह आणि गावाची वेस

इंग्रजी साहित्याच्या परीक्षेत पिढ्यान्‌पिढ्या एक प्रश्न विचारला जातो : 'रोमिओ आणि ज्युलिएट' ही नियतीची शोकात्मिका आहे की व्यक्तीच्या निवडीची? विद्यार्थ्याने दोन्ही बाजूंचे मुद्दे मांडावेत आणि शेवटी 'दोहोंचा संगम' असे लिहून मोकळे व्हावे, असा रिवाज आहे. नांदेड-लातूरकडच्या विद्यार्थ्यानेही हेच पाठ करावे, अशी अपेक्षा असते. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्नच अपुरा आहे. ज्या समाजात प्रेमाची किंमत आजही रक्ताने मोजली जाते, त्या समाजातल्या वाचकाने नियती आणि निवड हे दोन्ही शब्द तपासून घेतल्याशिवाय वापरू नयेत.

प्रथम नियतीवाद्यांची बाजू पाहू. १५९७ मध्ये प्रथम छापल्या गेलेल्या या नाटकाच्या प्रारंभीच शेक्सपिअर प्रेमिकांचे ग्रह प्रतिकूल असल्याचे सांगून टाकतो. पुढे योगायोगांची मालिकाच लागते. ज्युलिएट मेलेली नाही, निजलेली आहे, हे सांगणारे पत्र घेऊन निघालेला साधू साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो. पत्र मांटुआला पोचत नाही आणि रोमिओ विष घेतो. ज्युलिएटला जाग येण्यास काही क्षणांचा उशीर होतो. दुसरी बाजू म्हणते की, हा सारा उतावळेपणाचा परिणाम आहे. पाच दिवसांत भेट, लग्न, खून, हद्दपारी आणि मृत्यू! रोमिओने टिबल्टवर तलवार उगारली नसती, साधूने गुपचूप लग्न लावले नसते, तर हे घडते ना. ब्रॅडली यांनी १९०४ च्या आपल्या ग्रंथात शोकात्मिकेचे मूळ माणसाच्या स्वभावातून निघणाऱ्या कृतीत शोधले. तेव्हापासून ही दुसरी बाजू अधिक प्रतिष्ठित मानली जाते.

या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती म्हणजे व्हेरोनातले वैर. ते कशामुळे सुरू झाले, हे नाटकात कोठेही सांगितलेले नाही. बहुधा त्या दोन घराण्यांनाही ते आठवत नसावे. दोन्ही घराणी मानमरातबाने सारखी आहेत, हे शेक्सपिअर सुरुवातीलाच स्पष्ट करतो. कॅप्युलेटच्या मेजवानीत रोमिओ वेष पालटून शिरतो आणि ओळखला जातो, तेव्हा खुद्द कॅप्युलेट त्याच्या सद्‌वर्तनाची वाखाणणी करतो व टिबल्टला दटावून गप्प बसवतो. शत्रूच्या पोराविषयी हा आदर का? कारण तो शत्रू असला तरी बरोबरीचा आहे. त्याच्या स्पर्शाने घर बाटत नाही. वैर मिटले तर सोयरीक होऊ शकते. म्हणूनच अखेरीस दोन्ही बाप हातात हात देतात आणि एकमेकांच्या लेकरांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचे वचन देतात.

असे मिटण्याजोगे वैर घेऊन शोकात्मिका उभी करायची, तर नाटककाराला ग्रहांची आणि हरवलेल्या पत्राची मदत घ्यावीच लागते. व्हेरोनातले वैर एकटे या दोघांना मारण्यास पुरेसे नाही. ते पत्र पोचले असते तर कदाचित दोघेही जगले असते. नियती ही त्या नाटकाची कलात्मक गरज आहे.

जात हे असले वैर नव्हे. दोन समान घराण्यांचे भांडण आणि चढत्या-उतरत्या पायऱ्यांची समाजरचना यांत मूलभूत फरक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले की, जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे. विवाहाचे दार बंद केले की जात तयार होते. ते बंद ठेवले की जात टिकते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथा ते दार बंद ठेवण्यासाठी लावलेल्या कड्या आहेत, ही त्यांची मांडणी होती. पुढे १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असल्याचे सांगितले आणि त्याआड येणाऱ्या शास्त्रप्रामाण्यावर थेट घाव घातला. या प्रकाशात पाहिले की प्रेमाचा प्रश्न दोन जिवांचा खाजगी प्रश्न राहत नाही. गावाची वेस, पाणवठा, स्मशान आणि लग्नाचा मांडव ही एकाच रचनेची अंगे ठरतात.

मग आपल्याकडे नियती हा शब्द कोणते काम करतो? तो आरोपीची सुटका करतो. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते, असे आमच्या आयाबाया सांगत आल्या. त्यांचा दोष नाही. ज्यांच्या हाती काहीच नव्हते, त्यांनी दुःख सोसण्यासाठी शोधलेला तो आधार होता. पण ज्यांच्या हाती सर्व काही होते, त्यांनीही तीच भाषा वापरली, आणि ती मात्र हिशेबाने वापरली. कालिदासाचे 'शाकुंतल' घ्या. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि भर दरबारात जाणूनबुजून नाकारतो. कालिदासाने तेथे दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी आणली. राजा निर्दोष झाला, दोष शापाचा ठरला आणि रसिकांनी त्या युक्तीला प्रतिभा म्हटले. काव्य म्हणून ते नाटक थोर असेल. पण एका स्त्रीवर झालेल्या अन्यायाचा कर्ता त्यात शापाआड नाहीसा केला आहे, हे आपण का बोलू नये?

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताची हीच चिकित्सा केली. दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाने आणि राज्यसंस्थेने टाळावी, एवढाच त्या सिद्धान्ताचा उपयोग असल्याचे त्यांनी दाखवले. लातूर जिल्ह्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, हजारो माणसे गेली आणि लगेच दैवाची, कोपाची भाषा सुरू झाली. धरणी हलली हे निसर्गाचे काम खरे. पण माणसे चिरडली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि जड माळवदांखाली. दैवाला दोष दिला की भिंती कोणी तपासत नाही.

आता निवडीकडे वळू. निवड करणारा मोकळा असतो, असे समजून टीकाकार रोमिओला दोषी किंवा निर्दोष ठरवतात. पण त्याच नाटकात एक माणूस आहे, ज्याच्याकडे या चर्चेत फारसे कोणी पाहत नाही. मांटुआचा औषधविक्या. उपासाने खंगलेला, फाटक्या कपड्यांतला. तेथे विष विकणाऱ्याला मृत्युदंड आहे आणि हे त्याला ठाऊक आहे. रोमिओ त्याच्यापुढे सोन्याची नाणी ओततो. आपले मन राजी नाही, दारिद्र्य राजी आहे, असे सांगत तो विष देतो. ही कोणाची निवड म्हणायची? रोमिओला मरण निवडता येते, कारण ते विकत घेण्याइतका पैसा त्याच्याजवळ आहे. औषधविक्याला मात्र फाशी आणि उपासमार यांतून एक उचलायचे आहे. अखेरीस राजा काहींना क्षमा आणि काहींना शिक्षा होईल असे बजावतो, तेव्हा या माणसाचे काय झाले असेल, हा प्रश्न दलित वाचकाला पडतो, इतरांनाही पडावा. जन्माने मिळालेल्या पायरीप्रमाणे निवडीही वाटून दिलेल्या असतात.

मराठीत या कथेला खरे उत्तर नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने (२०१६) दिले. त्याची चर्चा गाण्यांपुरती फार झाली, रचनेची कमी झाली. पाटलाची अर्ची आणि मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या पळून हैदराबादला जातात. वस्तीत राहतात, कष्ट करतात. परश्या संशयाने हात उगारतो, तेव्हा अर्ची घर सोडते आणि मग स्वतःच्या विचाराने परत येते. म्हणजे ती दोनदा निवड करते. पहिली प्रेमाच्या भरात, दुसरी संसाराचे चटके बसल्यावर. उतावळेपणाचा आरोप येथे टिकत नाही. त्यांचे घर उभे राहते, मूल होते. वर्षे लोटल्यावर ती आईला फोन करते आणि काही काळाने भाऊ व नातलग आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन दारात येतात.

येथे शेक्सपिअरची कथा उलटी होते. व्हेरोनात निरोप पोचला नाही म्हणून दोघे मेली. येथे निरोप पोचला म्हणून मेली. साथ नाही, अडकलेला साधू नाही, उशिरा आलेली जाग नाही. सारे काही वेळेवर आणि ठरल्याप्रमाणे होते. चहा ठेवला जातो, पाहुण्यांचे स्वागत होते. मंजुळे यांनी योगायोगाला कथेच्या शेवटातून हाकलून दिले आहे आणि हेच त्यांचे कलावंत म्हणून मोठेपण आहे. मागे उरलेले मूल रक्ताचे पाय उमटवीत बाहेर जाते. तेथे पुतळे उभारणारे बाप नाहीत.

पडद्याबाहेरही हेच आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी नगर जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मारून टाकण्यात आले. उच्च मानल्या जाणाऱ्या जातीतील मुलीशी त्याचे संबंध असल्याचा संशय हे कारण होते. साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. पोरगा तर मेला आहे आणि मारणारा कोणीच नाही. मग उरते काय? उरते ती नियती! कागदावर मारेकरी सापडत नाही, तेव्हा समाज कपाळाकडे बोट दाखवतो.

निवडीच्या वाटेवर कायद्याने काही दारे उघडली, हे मान्य केले पाहिजे. पण १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कचेरीत लावली जाते. ज्यांच्यापासून लपायचे, त्यांना महिनाभर आधी वर्दी मिळते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्याची आणि जिल्हावार विशेष कक्षांची व्यवस्था करण्यास राज्यांना सांगितले. आमच्या भागातल्या प्रेमात पडलेल्या पोरापोरींना तो कक्ष कोठे आहे हे ठाऊक असणे, हे कुंडली ठाऊक असण्यापेक्षा अधिक निकडीचे आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नांदेड शहरात एका बौद्ध तरुणाचा खून झाला. त्याच्यावर प्रेम करणाऱ्या मुलीच्या घरच्या माणसांना या प्रकरणी अटक झाली. दोष कोणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आपण पाहायचे ते त्या मुलीच्या कृतीकडे. तिने त्याच्या पार्थिवाजवळ उभे राहून स्वतःला कुंकू लावून घेतले, त्याच्याशी लग्न झाल्याचे सांगितले आणि यापुढे त्याच्याच घरी राहणार असे जाहीर केले.

ज्युलिएट थडग्यात जागी होते आणि खंजीर उचलते. आपल्याकडच्या रसिकाला तो शेवट भावतो, कारण त्याच्या मनात सहगमनाचा जुना संस्कार दबून बसलेला आहे. नांदेडच्या मुलीने मरण नाकारले. तिने वापरलेले कुंकू जुनेच आहे, त्यामागची वैधव्याची चौकटही जुनीच आहे, आणि आमच्या स्त्रीवादी भगिनी याकडे बोट दाखवतील तर ते योग्यच होईल. तरीही एक फरक नजरेआड करता येत नाही. सक्तीचे वैधव्य स्त्रीला जातीच्या आत कोंडण्यासाठी होते. या मुलीने तीच खूण जातीबाहेर पाऊल टाकण्यासाठी वापरली. बंद दाराची कडी तिने आतून काढली.

म्हणूनच एक धोका आत्ताच सांगून ठेवला पाहिजे. मॉन्टेग्यू आणि कॅप्युलेट यांनी सोन्याचे पुतळे उभारण्याचे ठरवले, कारण मेलेली लेकरे काही मागत नाहीत. जिवंत मुलगी मागते. तिला शिक्षण लागेल, काम लागेल, संरक्षण लागेल. उद्या तिला वेगळे जगावेसे वाटले, पुन्हा कोणाचा हात धरावासा वाटला, तर तोही तिचा अधिकार असेल. शोकाच्या क्षणी उच्चारलेल्या शब्दांचे व्रत करून आपण तिच्या गळ्यात बांधले, तर ज्या नियतीविरुद्ध आपण लिहितो-बोलतो, ती आपल्याच हातांनी घडवलेली असेल. तिच्या पहिल्या निवडीचा गौरव करणाऱ्यांनी तिच्या पुढच्या प्रत्येक निवडीसाठी जागा मोकळी ठेवावी. समीक्षेनेही आणि समाजानेही.