विविध, बहुपेडी, संमिश्र : तीन विशेषणांचा विवेक

एखाद्या कृतीचे घटक अनेक व भिन्न प्रकृतीचे आहेत हे सांगण्यासाठी मराठी समीक्षेत विशेषणांची वाण नाही. विविध, बहुरंगी, संमिश्र, संकीर्ण, व्यामिश्र, बहुपेडी, अनेकपदरी हे शब्द आपण सहज योजतो आणि एकाच्या जागी दुसरा आला तरी काही बिघडले असे आपणांस वाटत नाही. आमच्या मते ही विशेषणे पर्यायवाचक नाहीत. त्यांतील प्रत्येक विशेषण घटकांच्या परस्परसंबंधाविषयी एक विधान करते. आणि विधान म्हटले की ते कृतीवर ताडून पाहता आले पाहिजे.

ही दक्षता न घेतल्यास काय होते, ते ‘व्यामिश्र’ या शब्दावरून दिसते. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन हा शब्द तक्रार म्हणून वापरतो. अशा बोलण्याने बुद्धी मोहित होते, असे त्याचे म्हणणे आहे. आजच्या समीक्षेत तोच शब्द प्रशस्तीचा झाला आहे. शब्दाचा अर्थ पालटणे यात गैर काही नाही. परंतु तो योजताना घटकांचा संबंध कोणता, हे सांगितले जात नाही आणि त्यामुळे रचनेची समृद्धी व रचनेतील गोंधळ या दोहोंना एकच नाव मिळते. सैल रचनेला मग निर्णयापासून अभय मिळते.

याबाबतीत संस्कृत अलंकारशास्त्र अधिक दक्ष होते. एका पद्यात अनेक अलंकार एकत्र आले, तर त्यांचा संबंध कोणत्या जातीचा हे ठरविल्याशिवाय शास्त्रकार पुढे जात नाहीत. तीळ आणि तांदूळ मिसळले तरी वेगळे दिसतात, त्याप्रमाणे अलंकार एकत्र असूनही परस्परनिरपेक्ष राहिले तर ती संसृष्टी; दूध आणि पाणी यांप्रमाणे ते एकमेकांत मिसळून गेले तर तो संकर. मम्मटाने काव्यप्रकाशाच्या दहाव्या उल्लासात या दोहोंचा स्वतंत्र विचार केला आहे. हा भेद एका पद्यापुरता होता. तो कादंबरीसारख्या दीर्घ कृतीस लावणे हा आमचा विस्तार आहे, शास्त्राची आज्ञा नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

उदाहरणादाखल व्यंकटेश माडगूळकरांची दोन पुस्तके घेऊ. लेखक एक, प्रदेश एक, माणसेही बहुतांशी एकाच थरातील. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मधून झेल्या वगळला तर आपण एका उत्तम चित्राला मुकू. पण धर्मा रामोशी जसा होता तसाच राहील. येथील संबंध तीळतांदळाचा आहे, आणि ‘विविध’ हे साधे विशेषणच येथे यथार्थ ठरते. त्यात कमीपणा नाही.

‘बनगरवाडी’त (१९५५) मात्र असे करता येत नाही. तेथे कारभारी, आयबू, शेकू, रामोशी हे सारे वेगवेगळे ओळखू येतात. तरीही तालीम उभी राहते ती सर्वांच्या श्रमांतून, आणि दुष्काळात वाडी उठते तेव्हा प्रत्येकाच्या जाण्याने इतरांच्या जाण्याला अर्थ येतो. या रचनेस ‘बहुपेडी’ म्हणावे. दोरखंडाचे पेड डोळ्यांना निरनिराळे दिसतात, पण भार पिळावर असतो. संकराचा अंगांगिभाव हा प्रकार याला जवळचा आहे. परंतु त्यात एक अलंकार प्रधान व दुसरा त्याचा उपकारक असतो. दोरखंडात कोणताही पेड प्रधान नसतो. या संबंधासाठी आपल्या बोलीतील शब्द शास्त्रातील संज्ञेहून अधिक नेमका आहे.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ला (१९३९) ही दोन्ही विशेषणे लागू पडत नाहीत. चक्रधर आणि हॅर्टा यांची प्रेमकथा एका बाजूस व ज्यू निर्वासितांची शोकांतिका दुसऱ्या बाजूस, अशी विभागणी विद्यार्थी अनेकदा करतात. परंतु हॅर्टाच्या प्रेमातील उत्कटता तिच्या निराधारपणापासून वेगळी काढता येत नाही. राजकारण काढून घेतल्यास प्रेमकथा लहान होत नाही, ती उरतच नाही. येथे ‘संमिश्र’ हे विशेषण त्याच्या पूर्ण अर्थाने वापरावे. नीरक्षीरविवेक हा समीक्षकाचा गुण मानला जातो. पण कोठे वेगळे करू नये, हे ओळखणे हाही त्याच विवेकाचा भाग आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. या तीन वर्गांनी कृतीचे मूल्य ठरत नाही. संमिश्र कृती सामान्य आणि विविधांचा संग्रह श्रेष्ठ असू शकतो. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. विशेषण मूल्य सांगत नाही. मूल्याची चर्चा कोठून सुरू करावी, ते सांगते. संग्रहाला एकसंधतेचा अभाव म्हणून दोष देणे आणि विस्कळीत कादंबरीला व्यामिश्र म्हणून गौरविणे, या दोन्ही चुका एकाच अनवधानातून होतात.

म्हणून विशेषण लिहिण्यापूर्वी एक घटक मनोमन वगळून पाहावा. उरलेले तसेच राहते, सैल पडते, की नाहीसे होते? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर योग्य शब्द शोधण्यास फारसा वेळ लागत नाही.