उडत्या नौकांचे ‘सुवर्णयुग’: एका संज्ञेची चिकित्सा

१९३० नंतरच्या दशकातील आलिशान प्रवासी उडत्या नौकांविषयी लिहिताना ‘सुवर्णयुग’ हा शब्द इतक्या सहजतेने योजला जातो, की त्याचा अर्थ तपासण्याची आवश्यकता कोणास भासत नाही. वस्तुतः या युगाची स्मृती ज्या शब्दसंग्रहाने घडविली, तो विमानविद्येचा नसून जहाजी व्यवसायाचा आहे. पॅन अमेरिकन कंपनीने आपल्या विमानांना ‘क्लिपर’ हे एकोणिसाव्या शतकातील वेगवान शिडाच्या जहाजांचे नाव दिले; वैमानिक कप्तान झाला, त्याचा गणवेश आरमारी झाला. विमानाचा तळ बोटीसारखा होता हे खरे. परंतु गणवेश काही तळाच्या आकारातून निष्पन्न होत नाही. ही योजना व्यापाऱ्याची होती, आणि इतिहासकारांनी तिला पुरावा मानले.

या भाषेआड दडले ते टपाल. २२ नोव्हेंबर १९३५ रोजी ‘चायना क्लिपर’ अलामेडाहून मनिलाकडे निघाले ते १ लाखाहून अधिक पत्रे घेऊन. भाडे देणारा उतारू त्यात एकही नव्हता. इंपीरियल एअरवेजच्या शॉर्ट एम्पायर विमानांचाही मुख्य आधार साम्राज्याची हवाई टपाल योजना हाच होता. कराचीनंतर राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद असे पाण्यावर उतरत कलकत्त्यास जाणाऱ्या या विमानात उतारूंस जागा अवघ्या २४. जून १९३९ मध्ये अटलांटिकपार गेलेल्या ‘डिक्सी क्लिपर’मध्ये २२ उतारू होते, एकेरी भाडे ३७५ डॉलर. एवढ्या मूठभरांच्या सुखसोयींस ‘युग’ म्हणणे हा शब्दाचा अपव्ययच होय.

‘नौका’ या शब्दातील आश्वासन तर अधिकच फसवे होते. २१ जानेवारी १९३९ रोजी न्यूयॉर्कहून बर्म्युडास निघालेले ‘कॅव्हेलियर’ कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचल्याने खुल्या समुद्रावर उतरले आणि थोड्याच वेळात बुडाले. तिघे दगावले, उरलेल्या १० जणांस सुमारे १० तास लाटांवर तरंगत राहावे लागले. शांत खाडीत किंवा तलावात उतरणारी बोट आणि सागरी लाटा सोसणारी बोट यांतील भेद त्या नावात कोठेच नव्हता.

युद्धकाळात बांधलेल्या लांब धावपट्ट्यांनी या विमानांची गरज संपविली. बी.ओ.ए.सी.ने १९५० मध्ये आपली सेवा बंद केली. ‘क्लिपर’ हे नाव मात्र पॅन अमेरिकनने पाण्याशी काडीचाही संबंध नसलेल्या आपल्या जेट विमानांनाही, १९९१ मध्ये कंपनी बंद पडेपर्यंत, चालू ठेवले.