साडेअकराची खुर्ची

अमेरिकेत रात्री साडेअकराच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा होस्ट बदलला की चाहत्यांत जी भांडणं लागतात, ती थेट भाऊबंदकीच्या वळणाची असतात. गादी कुणाची, डावललं कुणाला, आतून सूत्रं कुणी हलवली, याचा हिशेब तीस-तीस वर्षं चालतो. जे लेनो की डेव्हिड लेटरमन हा वाद १९९२चा. आज दोघांपैकी कुणीही त्या खुर्चीवर नाही, तरी त्या पिढीतला प्रेक्षक आपण कुणाच्या गोटातले हे अजून ठासून सांगतो. आणि गोट कुठलाही असो, एक वाक्य हमखास ऐकू येतं: खरा लेट नाइट आमच्या वेळचा, नंतर सगळी उतरणच.

उतरण झाली, हे मलाही मान्य आहे. पण ती ज्याच्या नावावर लिहिली जाते त्याच्यामुळे झाली, असं मला वाटत नाही.

‘द टुनाइट शो’ एनबीसीवर सप्टेंबर १९५४ मध्ये सुरू झाला. स्टीव्ह ॲलन आणि जॅक पार यांच्यानंतर ऑक्टोबर १९६२ मध्ये जॉनी कार्सन आला आणि मे १९९२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, हलला नाही. आज आपण ज्याला लेट नाइटचा साचा म्हणतो तो त्याच्या हाताखाली पक्का झाला. पडद्यातून बाहेर येऊन दिवसभराच्या बातम्यांवर काही मिनिटं विनोद, म्हणजे मोनोलॉग, मग टेबल, शेजारी साथीदार एड मॅकमेहन, बाजूला बँड, सोफ्यावर पाहुणे. कुणालाही वाटावं, हे आपल्यालाही जमेल. जमत नाही. कार्सनचं कसब कळतं ते त्याचा विनोद पडल्यावर. प्रेक्षागृहात शांतता पसरते, तो क्षणभर तसाच उभा राहतो, बँड ‘टी फॉर टू’ वाजवायला लागतो आणि हा गृहस्थ गंभीर चेहऱ्याने पाय आपटत दोन-चार पदन्यास करतो. मूळ विनोदाला मिळाला नसता एवढा हशा त्या पडझडीला मिळतो. याला रोजचा सराव लागतो आणि समोर रोजचा प्रेक्षक लागतो. आठवड्यातून एकदा येणाऱ्याला पडणं परवडत नाही.

कार्सनच्या चाहत्यांशी वाद घालण्यात मात्र एक गंमत आहे. त्याची साठच्या दशकातली सर्वोत्तम वर्षं पुन्हा बघताच येत नाहीत, कारण एनबीसीने त्या काळातल्या बहुतेक टेप पुसून पुन्हा वापरल्या. म्हणजे ज्या सुवर्णकाळाची शपथ घेतली जाते त्याचा पुरावा उरलेला नाही, आठवण तेवढी आहे. आठवणीत वाईट एपिसोड नसतात.

‘कार्सनने सगळा देश एकत्र बसवला’ हेही सारखं म्हटलं जातं. तीनच मोठी चॅनेलं होती, दुसरं बघणार काय, हा त्याचा अर्धा खुलासा. उरलेला अर्धा म्हणजे सत्ता. नव्या विनोदवीराचा कार्यक्रम झाल्यावर कार्सनने बोटाने खूण करून त्याला सोफ्यावर बोलावलं, तर त्या माणसाचं भाग्य दुसऱ्या दिवसापासून बदलायचं. पहिल्याच खेपेला असं बोलावणं मिळालेली पहिली विनोदवीर स्त्री म्हणजे एलन डीजेनरेस, आणि ते साल १९८६. त्याच वर्षी कार्सनची ठरलेली बदली होस्ट जोन रिव्हर्स हिने फॉक्स चॅनेलवर स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. कार्सन त्यानंतर तिच्याशी आयुष्यात कधी बोलला नाही. वारशाच्या चर्चेत चाहते लेनो-लेटरमनची नावं घेतात. ज्या बाईला त्या चर्चेत जागाच उरली नाही, तिचं नाव क्वचितच निघतं. पुढेही फार फरक पडला नाही: भारतीय वंशाच्या लिली सिंगला २०१९ मध्ये एनबीसीने कार्यक्रम दिला तो रात्री दीड वाजून गेल्यावरचा, आणि दोन वर्षांत बंदही केला.

लेटरमनबद्दल लिहिताना माझा तोल जातो, हे आधीच सांगून टाकतो. फेब्रुवारी १९८२ मध्ये एनबीसीवर कार्सननंतरच्या वेळेत त्याचा ‘लेट नाइट’ सुरू झाला, तेव्हा त्याने टीव्हीच्या चकचकीतपणालाच कार्यक्रमाचा विषय केलं. अंगभर वेल्क्रोचा सूट घालून त्याने भिंतीवर उडी मारली आणि तिथेच चिकटून लोंबकळत राहिला. उंच मनोऱ्यावरून कलिंगडं खाली टाकली. यात विनोद कुठे, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. विनोद असा की एवढं मोठं चॅनेल, एवढे कॅमेरे, एवढा पगार, आणि एक दातांत फट असलेला माणूस त्यातून काहीही अर्थपूर्ण करायला ठाम नकार देतोय.

कार्सनची खुर्ची लेनोला मिळाल्यावर लेटरमन १९९३ मध्ये सीबीएसवर गेला आणि त्याने ब्रॉडवेवरच्या आपल्या थिएटरजवळचा सगळा परिसरच कार्यक्रमात ओढला. तिथल्या एका भेटवस्तूंच्या दुकानात काम करणारे मुजिबुर आणि सिराजुल हे दोन बांगलादेशी नोकरदार त्याच्यामुळे अमेरिकाभर प्रसिद्ध झाले. आज ते भाग बघताना थोडं अडखळायला होतं. हसणं त्यांच्याबरोबर आहे की त्यांच्या इंग्रजीवर? बहुतेक वेळा बरोबर, कधीकधी नाही. पण हेही खरं की त्या काळात अमेरिकेच्या टीव्हीवर दक्षिण आशियाई माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नोकरीसकट वारंवार दिसायचा तो जवळपास एवढाच.

या सगळ्यात चाहत्यांच्या मताची खरी परीक्षा झाली जानेवारी २०१० मध्ये. लेटरमननंतर ‘लेट नाइट’ चालवणाऱ्या कॉनन ओब्रायनला ‘टुनाइट’ देण्याचं वचन एनबीसीने २००४ मध्ये दिलं होतं. १ जून २००९ला ते पाळलं गेलं. मात्र लेनोला सोडायचीही हिंमत नव्हती म्हणून त्याला रात्री दहाचा कार्यक्रम दिला. तो पडला. मग चॅनेलने हिशेब केला: लेनोला ११:३५ला अर्धा तास द्यायचा आणि ‘टुनाइट’ मध्यरात्रीनंतर १२:०५ला ढकलायचा. कॉननने पृथ्वीवासीयांना उद्देशून पत्रक काढलं आणि मध्यरात्रीनंतर होणाऱ्या कार्यक्रमाला ‘टुनाइट’ म्हणता येणार नाही, या मुद्द्यावर बाहेर पडला. चाहते पेटले. त्याच्या लाल-नारिंगी केसांची पोस्टरं झळकली, लॉस एंजेलिसमध्ये भर पावसात लोक स्टुडिओबाहेर जमले. शेवटच्या दोन आठवड्यांत तो असा खेळला की त्याच्या विरोधकांनीही टीव्ही लावला. एके दिवशी त्याने बुगाटी मोटारीला उंदराचे कान-मिशा लावून मंचावर आणलं, सोबत रोलिंग स्टोन्सचं महागडं गाणं वाजवलं आणि चॅनेलचे पंधरा लाख डॉलर उडवल्याचं जाहीर केलं. मोटार खरं तर संग्रहालयातून उसनी आणलेली होती. पण सूडाचा आनंद अस्सल होता.

मात्र हे पोस्टर घेऊन उभे असलेले तरुण गेले सात महिने ११:३५ला कुठे होते? कार्यक्रमाचे आकडे लेटरमनच्या मागे पडले होते. कॉननवर प्रेम करणारी पिढी त्याला दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर, तुकड्यातुकड्यांत बघत होती, आणि ते बघणं कुठल्याही जाहिरातदाराच्या वहीत चढत नव्हतं. त्यांनी होस्ट वाचवायला आंदोलन केलं. ज्या वेळेवर तो होस्ट उभा होता ती वेळ त्यांनी स्वतःच सोडली होती. मार्चमध्ये लेनो परत आला आणि त्याचा जुना प्रेक्षकही निमूटपणे परत आला. लेनोला खलनायक ठरवणं सोपं आहे, आणि तो फार निष्पापही नव्हता. पण त्याचे लोक रोज साडेअकराला हजर असायचे, हेही तितकंच खरं.

चॅनेलं यातून धडा शिकली आणि चुकीचा शिकली. प्रेक्षक तुकडे बघतो ना, मग तुकडेच बनवा. फेब्रुवारी २०१४ मध्ये जिमी फॅलन ‘टुनाइट’ घेऊन न्यूयॉर्कला आला आणि पाहुण्यांबरोबरचे खेळ, ओठ हलवण्याच्या स्पर्धा, गाण्यांच्या नकला सुरू झाल्या. २०१५ मध्ये सीबीएसवर जेम्स कॉर्डन गायकांना गाडीत बसवून गायला लावू लागला. अडेलबरोबरचा त्याचा भाग कोट्यवधींनी पाहिला. फॅलनच्या चाहत्यांचं म्हणणं असं की दमलेल्या माणसाला झोपण्याआधी एवढंच हवं असतं. बरोबर आहे. माझी तक्रार वेगळी आहे. पाच मिनिटांच्या तुकड्यात पडण्याची सोय नसते. प्रत्येक तुकडा फळलाच पाहिजे, म्हणून प्रत्येक पाहुणा अफाट, प्रत्येक विनोदावर होस्ट टेबल थोपटून हसणार. कार्सनच्या त्या पदन्यासाला इथे जागाच नाही.

त्याआधी सीबीएसवरच साडेबाराच्या वेळेला, फारसं कुणाचं लक्ष नसताना, क्रेग फर्ग्युसन नावाचा स्कॉटिश माणूस नेमकं उलटं करत होता. २००५ ते २०१४. पाहुणा आला की समोरची प्रश्नांची निळी कार्डं तो सगळ्यांदेखत फाडून टाकायचा. त्याला बँड परवडत नव्हता, म्हणून यंत्रमानवाचा सांगाडा साथीदार. २००७ मध्ये ब्रिटनी स्पीअर्सने डोकं भादरल्यावर सगळे होस्ट तिच्यावर तुटून पडले असताना त्याने मोनोलॉगमध्ये तिची थट्टा करायला नकार दिला आणि स्वतःच्या दारूच्या व्यसनाबद्दल बोलत राहिला. २००९ मध्ये आर्चबिशप डेस्मंड टूटूंशी त्याने केलेल्या संवादाला पीबडी पुरस्कार मिळाला. स्टीफन फ्रायबरोबर तर एक आख्खा तास त्याने प्रेक्षागृह रिकामं ठेवून नुसत्या गप्पा मारल्या. या कलेचं अलीकडचं शिखर कुठलं असं मला कुणी विचारलं तर मी हेच दाखवीन. ते शिखर गाठता आलं, कारण त्या वेळेला काय चाललंय ते वरच्या मजल्यावरचं कुणी बघत नव्हतं.

स्टीव्हन कोलबेअरबद्दल मत देणं अवघड आहे, कारण आता ते मत राजकीय धरलं जातं. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याने लेटरमनची जागा घेतली तेव्हा पहिलं वर्षभर तो चाचपडत होता. फॅलनने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रम्प यांचे केस विस्कटले आणि ते निवडून आल्यावर प्रेक्षक कोलबेअरकडे वळला. पुढची अनेक वर्षं तो आपल्या वेळेत पहिला राहिला. त्याच्या विरोधकांची तक्रार असते की विनोदाची जागा प्रवचनाने घेतली. त्याचे चाहते म्हणतात, काळच तसा आहे. मला दोघांचंही थोडं पटतं. मोनोलॉग धारदार होता, पण त्यावर हशापेक्षा टाळ्या जास्त पडू लागल्या. टाळी वाजवणारा आपण आधीपासून बरोबर होतो याची पोचपावती देत असतो. तोच कोलबेअर दुःखाबद्दल, श्रद्धेबद्दल पाहुण्यांशी बोलायला बसला की फार वरच्या दर्जाचा होस्ट असायचा. ते भाग त्याच्या चाहत्यांनीही कमी पाहिले.

हा साचा आपल्याकडेही येऊन गेला. १९९७ पासून सोनीवर शेखर सुमनचा ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ चालू होता. नेत्यांच्या नकला, टेबल, बँड, सगळं तिथलंच, आणि चांगलंही. ती सवय मात्र आपल्याकडे रुजली नाही.

जुलै २०२५ मध्ये सीबीएसने जाहीर केलं की कोलबेअरचा ‘लेट शो’ मे २०२६ मध्ये संपेल. कोलबेअरच्या जागी दुसरा कुणी येणार नाही, खुर्चीच काढून टाकणार. कारण निव्वळ आर्थिक, असं चॅनेलने सांगितलं. वर्षाला सुमारे ४ कोटी डॉलरचा तोटा असल्याच्या बातम्या आल्या. त्याच महिन्यात मालक कंपनी पॅरामाउंटने ट्रम्प यांनी लावलेल्या दाव्यात १ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली होती आणि स्कायडान्स कंपनीशी विलीनीकरणाला सरकारी मंजुरी हवी होती. त्या तडजोडीला कोलबेअरने कार्यक्रमात लाच म्हटलं आणि तीनच दिवसांत घोषणा झाली. सप्टेंबरमध्ये उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतरच्या एका टिप्पणीवरून जिमी किमेलचा एबीसीवरचा कार्यक्रम थांबवला गेला. सरकारी नियामक मंडळाच्या अध्यक्षांनी उघड इशारा दिल्यावर स्थानिक वाहिन्यांच्या दोन मोठ्या कंपन्यांनी हात वर केले होते. आठवड्याभरात तो परत आला, आणि त्या रात्री ६० लाखांहून जास्त लोकांनी टीव्ही लावून त्याला पाहिलं. एका रात्रीपुरते.

राजकीय दबाव नव्हता असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण दबाव लागू पडला तो आधीच पोखरलेल्या भिंतीवर. या कार्यक्रमांचं जाहिरातींचं उत्पन्न २०१८ ते २०२४ या काळात जवळपास निम्म्यावर आलं. फॅलनचा कार्यक्रम आठवड्याला चार रात्रींवर आला, ‘लेट नाइट’वरच्या सेथ मायर्सचा बँड गेला. कॉनन कधीच पॉडकास्टवर जाऊन सुखी झाला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या गप्पा तिथे जास्त मोकळ्या आहेत. माणसं गेलेली नाहीत. रोज, ठरल्या वेळी, चांगलं-वाईट जे निघेल ते लाखोंसमोर मांडायचं, ही शिस्त गेली. सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर सहाव्या दिवशी लेटरमन विनोद बाजूला ठेवून नुसता बोलला, तेव्हा लोकांनी ते ऐकलं, कारण एरवी रोज तिथे कलिंगडं फेकणारा माणूस तोच होता.

म्हणून चाहत्यांनी लेनो की लेटरमन, फॅलन की कोलबेअर हे भांडण आता बंद केलं तरी चालेल. १९९३ मध्ये सीबीएसने लेटरमनसाठी एड सलिव्हन थिएटर विकत घेतलं आणि त्याला वर्षाला सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर देऊ केले. फर्ग्युसनने गाजवलेली त्याच चॅनेलची साडेबाराची वेळ सप्टेंबर २०२५ मध्ये विनोदवीर आणि निर्माता बायरन ॲलनने पैसे मोजून विकत घेतली.